ही बाजू वर

शेजारी म्हणत, "सर म्हणजे सोनाराचा काटा. पोटच्या पोरीलासुद्धा झुकतं माप दिलं नाही त्यांनी."

वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाने हे वाक्य प्रथम उच्चारले, खालच्या इस्त्रीवाल्याने ते उचलले, आणि मग जिन्यात, गच्चीवर, दुधाच्या रांगेत ते इतक्यांदा म्हटले गेले की त्याची म्हणच होऊन बसली. त्यामागची हकिकत अशी. सरांच्या लेकीला नकाशे काढण्याचे वेड होते. वह्यांच्या मागच्या पानांवर ती कधी न पाहिलेल्या नद्यांची वळणे काढत बसे. शाळेतल्या कल-चाचणीत तिचा निकाल 'साधारण' आला, शिफारस 'नियमित स्वरूपाचे कार्यालयीन काम' अशी आली, आणि तो निकाल काढणारे सर स्वतःच होते. दुसऱ्या एखाद्या बापाने तो कागद फाडला असता, निदान एखादा आकडा वाढवला असता. सरांनी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर वाटी पालथी घातली आणि म्हटले, "कागद सगळ्यांना सारखा." लेक आता पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटे विकते. शेजाऱ्यांना या गोष्टीचे फार कौतुक. दुसऱ्याच्या मुलीच्या वाट्याला आलेल्या न्यायाचे कौतुक करताना पदरचे काही जात नाही.

शाळेत मात्र मुले त्यांना 'पुठ्ठा सर' म्हणत. विषय भूगोल, पण हे नाव पडले ते मार्गदर्शनाच्या कामावरून. नऊ वर्षांपूर्वी वरून पत्र आले होते की प्रत्येक शाळेने एक शिक्षक 'विद्यार्थी मार्गदर्शक' म्हणून नेमावा आणि दहावीनंतर काय शिकावे, कोणता व्यवसाय धरावा, याचा सल्ला त्याने मुलांना द्यावा. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पाहिले. सर्वांत कमी तास भूगोलाचे निघाले. "तुम्ही दिशा शिकवता," ते सरांना म्हणाले, "मुलांना दिशाच तर दाखवायची आहे." मुलांच्या भवितव्याविषयी त्या शाळेत झालेला हा सर्वांत सखोल विचार.

प्रशिक्षण तीन दिवसांचे होते. पहिल्या दिवशी उद्घाटन झाले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दिवे मालवून पडद्यावर तक्ते दाखवण्यात आले आणि सभागृह एका सुरात घोरले. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली. सर परतले ते एक पिशवी घेऊन. तीत प्रश्नपुस्तिकांचा गठ्ठा होता, कोऱ्या उत्तरपत्रिका होत्या, एक माहितीपुस्तक होते आणि एक भोके पाडलेला जाड पुठ्ठा होता.

पुठ्ठ्याचे काम अगदी सोपे. चाचणीत एकशेवीस प्रश्न. तीस यंत्र-आकृत्यांचे, तीस आकड्यांचे, तीस भाषेचे, तीस माणसांशी वागण्याबोलण्याचे. उत्तरपत्रिकेवर तीस-तीस प्रश्नांचे चार उभे रकाने, प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल. मुलाने बरोबर वाटेल तो गोल पेन्सिलीने भरायचा. तपासणाऱ्याने त्यावर पुठ्ठा ठेवायचा. बरोबर उत्तर जिथे असायला हवे तिथे पुठ्ठ्याला भोक. भोकातून पेन्सिलीचा काळा ठिपका दिसला की एक गुण. ज्याला मोजता येते आणि ज्याला काही वाटत नाही, असा कोणीही माणूस हे काम करू शकतो, अशा बेताने ते योजलेले होते.

आता सरांची एक सवय सांगायला हवी. ते प्रत्येक वस्तूला खाकी कागदाचे कव्हर घालत. पाठ्यपुस्तकाला, हजेरीपटाला, नकाशांच्या पुस्तकाला, घरच्या शिधापत्रिकेला, इतकेच काय, विजेच्या बिलांच्या फाइललाही. त्यांची पत्नी म्हणे, "एक मी तेवढी उघडी राहिलेय. तेही आता ब्राऊनपेपर संपला म्हणून." पुठ्ठा हाती आला त्याच संध्याकाळी सरांनी त्याला दोन्ही बाजूंनी कव्हर घातले, ब्लेडने एकेक भोक कोरून मोकळे केले, कडा चिकटवल्या, आणि एका बाजूला वरच्या कोपऱ्यात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: 'ही बाजू वर'. खाली शाळेचा शिक्का मारला.

मार्गदर्शन कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. हवा गेलेल्या चेंडूंचा वास भिंतींत मुरला होता. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर चौतीस व्यवसायांचा रंगीत तक्ता. त्यातले तार ऑपरेटर आणि टंकलेखक एव्हाना या जगातून निघून गेले होते, पण तक्त्यावर हसत उभे होते. दारावर पाटी: 'वेळ: मधली सुट्टी'. म्हणजे मुलांनी डबा खायचा किंवा आयुष्य ठरवायचे; दोन्ही जमणे अवघड.

या खोलीत पालक येत, ते सल्ला घ्यायला नव्हे. घरी ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारून घ्यायला.

"सर, हा म्हणतो नाटकात काम करायचंय."

"म्हणू द्या. कागदात काय आलंय?"

"साधारण."

"मग झालं तर. साधारण माणसानं साधारण काम करावं. पोटाला कमी पडत नाही."

मुलगा खाली मान घालून बूट बघे, बापाच्या चेहऱ्यावर समाधान पसरे, आणि सर रजिस्टरात नोंद करत: 'पालक व विद्यार्थी यांना मार्गदर्शन केले. समाधान झाले.' कोणाचे, ते रजिस्टरात लिहायचा रकाना नव्हता.

नऊ वर्षांत सुमारे साडेपाचशे मुले त्या पुठ्ठ्याखालून गेली आणि त्यातली जवळजवळ सगळी साधारण निघाली. तीसपैकी सात, तीसपैकी आठ, सहा, नऊ. सब घोडे बारा टक्के. वर्गात पहिला येणारा साधारण, शेवटचा येणारा साधारण. एकाने कंटाळून सगळीकडे पहिलाच गोल भरला होता, तोही साधारण. जगात कुठेही असा निकाल लागला असता तर लोकांनी डोळे चोळून पुन्हा पाहिले असते. इथे कोणी भुवईही उचलली नाही. कारण आपली मुले साधारण आहेत, हे मुख्याध्यापकांना आधीच ठाऊक होते, शिक्षकांना त्याची खात्री होती आणि आईबापांना त्याचा संशय होता. कागदाने फक्त दुजोरा दिला. ज्यांना तो नको होता त्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी कागद कचऱ्यात टाकून आपल्या मुलांना हवे तिथे घातले. बाकीच्यांनी घडी करून जपून ठेवला.

दहाव्या वर्षी शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. नव्या माणसाला जे काम कोणालाच नको असते ते द्यायचे, या न्यायाने त्यांना सरांच्या मदतीला दिले. बाईंना सुरुवातीला सरांविषयी आदरच वाटला. माणूस वक्तशीर, स्वच्छ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आठवडाभरात तो आदर आटला. सर मुलांशी बोलताना मुलांकडे पाहत नाहीत, कागदाकडे पाहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. एकदा दोन मुलींचे कागद अदलाबदल झाले आणि सरांनी पहिलीला दुसरीचे भवितव्य सविस्तर समजावून सांगितले. चूक कळली तेव्हा ते म्हणाले, "फरक काय पडतो? दोघींचं सारखंच आहे."

त्या वर्षी घड्याळजींची मुलगी दहावीत होती.

घड्याळजींचे दुकान शाळेसमोरच्या रस्त्याच्या वळणावर होते. दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावे, एवढेच. मुलगी शाळा सुटली की थेट दुकानात जाई, डोळ्याला भिंग लावी आणि बापाशेजारच्या स्टुलावर बसून घड्याळे उघडी. शाळेच्या घंटेचे विजेचे घड्याळ बिघडले तेव्हा कंपनीचा माणूस आठ दिवस आला नव्हता. या मुलीने ते मधल्या सुट्टीत केसातल्या पिनेने चालू करून दिले होते. तिला तंत्रनिकेतनात उपकरणांच्या शाखेला जायचे होते. तिथल्या अर्जाला शाळेच्या मार्गदर्शकाचा कागद जोडावा लागे, त्यावर त्याची शिफारस लागे आणि बापाची सही लागे. अर्जाची मुदत शुक्रवारी चारपर्यंत होती.

सोमवारी कागद मिळाला. यंत्र-आकृत्या: तीसपैकी सात. साधारण. शिफारस: नियमित स्वरूपाचे कार्यालयीन काम.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ती कक्षात आली. डबा हातातच होता, न उघडलेला.

"सर, माझा कागद चुकलाय."

सरांनी मान वर केली नाही. "कागद चुकत नाही, बाळ. माणूस चुकतो."

"मग माणूस चुकला असेल."

बाई कपाटाशी उभ्या होत्या. त्यांनी हसू दाबले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चौदाव्या प्रश्नात तीन दातेरी चाकं होती," मुलगी म्हणाली. "एकात एक अडकलेली. पहिलं उजवीकडं फिरलं तर तिसरं कुठं फिरेल? उजवीकडंच. मी तेच भरलंय. बरोबर की चूक, एवढंच सांगा."

"उत्तरं गोपनीय असतात."

"चाकं कुठं गोपनीय आहेत? बाबांच्या टेबलावर पडलीयत. आणून दाखवू?"

"हे बघ," सर समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि हा सूर बाईंना सर्वांत जास्त खुपे, "घड्याळं उघडणं हा झाला छंद. कल म्हणजे वेगळी गोष्ट. माझ्या स्वतःच्या मुलीलाही..."

"माहितीये, सर. साधारण आलं होतं. सगळ्यांना माहितीये. पण माझं काय? बाबा म्हणतात, कागदात ऑफिस लिहिलंय, तर ऑफिस. कॉमर्सचा अर्ज आणून ठेवलाय त्यांनी. तंत्रनिकेतनाच्या अर्जावर सही करत नाहीत. शुक्रवार गेला की संपलं."

"वडील शहाणे आहेत तुझे," सर म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढले. समाधान झाले, असे त्यांनी लिहिलेले बाईंनी स्वतः पाहिले.

मुलगी गेल्यावर बाईंनी माहितीपुस्तक मागितले. "वाचा की," सर म्हणाले, "कव्हर मळवू नका फक्त." बाईंनी चौदावा प्रश्न काढला. शेवटच्या पानावर बरोबर उत्तरांची यादी होती. चौदाव्याचे उत्तर: उजवीकडे. मुलीचे बरोबर होते. पंधरावे बरोबर. सोळावे बरोबर. बाईंनी मुलीची उत्तरपत्रिका यादीशी ताडून पाहिली तेव्हा यंत्र-आकृत्यांच्या तीसपैकी अठ्ठावीस उत्तरे बरोबर निघाली. आणि पुठ्ठा म्हणत होता, सात.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी भांडण सुचत नाही, प्रयोग सुचतो. बाईंनी एक कोरी उत्तरपत्रिका घेतली आणि यादीत पाहून एकशेवीसच्या एकशेवीस बरोबर उत्तरे भरली. नावाच्या जागी काही लिहिले नाही, फक्त हजेरी क्रमांक एकसष्ट. वर्गात मुले साठ होती. ती पत्रिका त्यांनी बुधवारी सकाळी, तुकडीच्या अजून न तपासलेल्या गठ्ठ्यात मध्येच सरकवून दिली.

सर नेहमीप्रमाणे ताठ बसून मोजत होते. भोकावर पेन्सिलीचे टोक, ओठांची हालचाल, मग आकडा. एकसष्टाची पत्रिका आली. आठ. सहा. सात. नऊ. सरांनी लाल शाईने लिहिले, साधारण. शिफारस लिहायला घेतली, नियमित स्वरूपाचे...

"सर, हा एकसष्ट नंबर कोण?"

"असेल कुणी. नव्यानं आला असेल." सरांनी पत्रिका जरा दूर धरून पाहिली. "पोरगं बेताचंच आहे. पण गोल नीटनेटके भरलेत. कारकुनीत चालेल."

"ती पुस्तकातली उत्तरं आहेत, सर. मी भरलीयत. सगळी बरोबर आहेत."

सरांनी माहितीपुस्तकाचे शेवटचे पान काढून पत्रिकेशी ताडले. मग म्हणाले, "म्हणजे पुस्तक चुकीचं छापलंय."

बाईंना पुढे कित्येक दिवस हे वाक्य आठवत राहिले. नऊ वर्षे शेकडो मुलांना बेताचे ठरवताना या माणसाला क्षणाचा विलंब लागला नव्हता. आपल्या हातचा पुठ्ठा बेताचा असू शकेल, एवढे मात्र त्याला सुचत नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या तरी दिसत असतील.

"पुठ्ठा उलटा करून बघा," बाई म्हणाल्या.

"उलटा कसा करू? इथं स्वच्छ लिहिलंय, ही बाजू वर."

"कुणी लिहिलंय?"

सरांनी त्या अक्षरांकडे पाहिले. स्वतःचे अक्षर ओळखायला माणसाला वेळ लागत नाही. ते वाचायला मात्र कधीकधी लागतो. त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढले. कव्हरची कड सावकाश, कागद फाटणार नाही अशी, सोडवली. नऊ वर्षांचा खाकी कागद सुटून आला. त्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर काहीच छापलेले नव्हते. त्यांनी पुठ्ठा पालथा केला आणि दुसऱ्या बाजूचे कव्हर काढले. तिथे ठळक बाण होता आणि कारखान्याच्या ठोकळेबाज टायपात तेच तीन शब्द होते. ही बाजू वर.

छापणाऱ्याने गोल इतके रेखीव छापले होते की पुठ्ठा कसाही ठेवला तरी प्रत्येक भोक कोणत्या ना कोणत्या गोलावर नेमके बसे. त्यामुळे काही बिघडले आहे असे दिसण्याची सोयच नव्हती. माणसांची भोके यंत्रांच्या उत्तरांवर, भाषेची आकड्यांवर. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी तीसपैकी सात-आठ लागलेच असते. नऊ वर्षे सर तेच करत होते, फक्त डोळे उघडे ठेवून.

सरांनी पुठ्ठा सुलट ठेवला. प्रत्येक भोकात काळा ठिपका. एका नजरेत दिसत होते, तरी त्यांनी एकशेवीसही मोजले. ते झाल्यावर उठले आणि कपाटातून पहिल्या वर्षाचा गठ्ठा काढला. हा माणूस काहीही टाकत नसे. दोरा सोडून, मध्येच कुठेतरी बोट घालून, त्यांनी एक पत्रिका ओढली. ती न शोधता सापडली, यावरून ती कुठे आहे हे त्यांना नऊ वर्षे ठाऊक होते, असे बाईंना वाटले. पुठ्ठा ठेवला. मोजले. पुन्हा मोजले.

"आकृत्या, सत्तावीस," ते म्हणाले.

बाईंनी नाव पाहिले आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. सहानुभूती दाखवावी की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ठरवले की नाही. साडेपाचशे घरांतून जी वाटायची ती एकाच घराला देऊन कशी चालेल?

गुरुवारी दोघे मुख्याध्यापकांपुढे उभे होते. मुख्याध्यापकांनी सगळे ऐकले, पंखा एका घराने कमी केला आणि दार लावून घ्यायला सांगितले.

"चूक झाली. माणूस आहे, चूक होते," ते म्हणाले. "त्या घड्याळवाल्याच्या मुलीला नवा कागद देऊन टाका. विशेष बाब म्हणून. बाकीचं मात्र..." त्यांनी हवेत हात फिरवून काहीतरी पुसले.

"बाकीची साडेपाचशे मुलं आहेत, सर," बाई म्हणाल्या.

"होती. आता मुलं नाहीत ती, बाई. लागली आपापल्या कामाला. कुणी दुकानात आहे, कुणी कचेरीत आहे. सुखात आहेत. आपण जाऊन त्यांना सांगायचं, की बाबांनो, तुम्ही हुशार होतात? याला काय उपकार म्हणतात?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि दर वर्षी अहवालात लिहिलंय मी, विद्यार्थ्यांची अभियोग्यता स्थिर व साधारण. ती एकदम वाढली, तर वरून विचारणा होईल."

"म्हणजे मुलं हुशार निघाली तर शाळा अडचणीत?"

"तुम्ही नव्या आहात," मुख्याध्यापक म्हणाले. हे उत्तर त्यांना सगळ्या प्रश्नांना पुरत असे.

सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. सगळ्या जुन्या पालकांना पाठवायच्या पत्राचा तो मसुदा होता. कलमे एक ते सात, समास आखलेले. 'अनवधानाने' हा शब्द आधी लिहून मग खोडला होता आणि वर 'माझ्या चुकीमुळे' असे केले होते. मुख्याध्यापकांनी शाळेचा शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप लावले.

"राहू दे," सर म्हणाले. "कक्षाचा शिक्का माझ्याकडे आहे."

ती पत्रे पुढे खरोखरच गेली. सर आणि बाई रोज शाळा सुटल्यावर गठ्ठे उपसत बसत, तेव्हा कुठे चार महिन्यांनी काम संपले. साडेपाचशे पत्रांना तीन उत्तरे आली. एकाने विचारले होते की आता या आधारे नोकरी मिळेल का. दुसऱ्याला शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल हवी होती, पत्ता हाती लागला म्हणून त्याने लिहिले. तिसऱ्याने कळवले की मुलाचे बरे चालले आहे, कृपया त्याच्या डोक्यात काही भरवू नये. विमा एजंटाच्या मुलाचाही कागद त्यात होता. एजंटाने सोनाराच्या काट्याविषयी बोलणे बंद केले आणि जिन्यात सर दिसले की तो बुटाची नाडी बांधायला बसू लागला.

पण ते नंतरचे. त्या शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता, सर आणि बाई घड्याळजींच्या दुकानात पोचले. मुलगी आधीच तिथे होती, स्टुलावर, भिंग कपाळावर चढवून. अर्ज तिच्या मांडीवर होता. भिंतीवरची पंधरा-वीस घड्याळे पंधरा-वीस वेळा दाखवत होती, एवढ्यापुरते ते दुकान शाळेपेक्षा प्रामाणिक होते. दोन गिऱ्हाईके पट्टा बदलून घ्यायला बाहेर पायरीवर थांबली होती आणि आता पट्ट्यापेक्षा बरे काहीतरी पाहायला मिळणार, हे त्यांनी ओळखले होते.

घड्याळजींनी नवा कागद घेतला आणि नोट तपासावी तसा उजेडात धरला.

"यंत्र-आकृत्या, अठ्ठावीस. असाधारण." त्यांनी कागद खाली केला. "सोमवारी साधारण, शुक्रवारी असाधारण. रविवारी काय, सर? मुख्यमंत्री?"

गिऱ्हाईके हसली. सरांनी चूक कशी झाली ते सांगितले. कव्हर, बाण, भोके, काहीही न वगळता, वर्गात नदीच्या अवस्था सांगाव्यात तसे. बाईंचे लक्ष घड्याळांकडे होते; त्यातले कोणते खरे मानावे ते कळत नव्हते, पण सगळीच पुढे चालली होती.

"म्हणजे हा कागद बरोबर?" घड्याळजींनी विचारले.

"बरोबर."

"सही-शिक्का आहे?"

"आहे."

"बाबा," मुलगी म्हणाली, "चार वाजता खिडकी बंद होते."

घड्याळजींनी पेन घेतले. सोमवारी ज्या विश्वासाने त्यांनी एक कागद मानला होता, त्याच विश्वासाने शुक्रवारी दुसरा मानला. मधल्या चार दिवसांत त्यांनी मुलीकडे एकदाही पाहिले असेल, असे बाईंना वाटेना. हातच्या कांकणाला हा माणूस आरसा मागत बसला होता, आणि आरसा उलटा असला तरी त्याची हरकत नव्हती. त्यांनी सही केली. मुलीने अर्ज ओढून घेतला, चपला पायात सरकवल्या न सरकवल्या आणि गिऱ्हाइकांच्या मधून वाट काढत ती रस्त्यावर धावली. स्टुलावर एक उघडे घड्याळ तसेच राहिले.

ती वळणाआड गेली तेव्हा घड्याळजींना कंठ फुटला. ऐकणारी माणसे होती, समोरचा माणूस अपराधी होता. असा योग रोज येत नाही.

"पण सर, कमाल आहे हं तुमची," ते गिऱ्हाइकांकडे पाहत म्हणाले. "शिकलीसवरलेली माणसं तुम्ही. नऊ वर्षं पुठ्ठा उलटा धरता, आणि तुम्हाला कळत नाही? अहो, कळलं कसं नाही म्हणतो मी?"

बाईंना वाटले, सर आता मान खाली घालतील, चष्मा पुसतील. सरांनी स्टुलावरचे उघडे घड्याळ उचलून काचेच्या टेबलावर, बापाच्या हाताशी ठेवले.

"मी मूर्ख, म्हणून मला कळलं नाही," ते म्हणाले. "पोर तुमच्या शेजारी बसून घड्याळं लावते. तुम्हाला कशाला पुठ्ठा लागला?"